रात्री, हातात कॅमेरा, कृष्णधवल फिल्म : काळोख काळाच राहू द्यावा का?

काजळरेघ

रात्री रस्त्यावर हातात कॅमेरा धरून कृष्णधवल फिल्मवर फोटो काढायचे असतील तर सावल्यांतल्या तपशिलाचा नाद सोडून द्यावा, असं माझं मत झालंय. सहा वर्षं हेच करतोय. इथल्या जाणत्यांचं म्हणणं ऐकायचंय, म्हणून धागा काढला.

आधी हिशेब. दुकानांच्या उजेडातला रस्ता साधारण ईव्ही ५ धरा (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, आकडा लहान तितका अंधार). ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाला संवेदनशीलता) फिल्मवर एफ २ ला, म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं ठेवून, १/३० सेकंद मिळतो. तीच फिल्म १६०० ला पुश केली, म्हणजे १६०० ची समजून कमी उजेड दिला आणि केमिकलमध्ये जास्त वेळ ठेवली, की १/१२५. १/३० ला माझा हात स्थिर राहतो, पण समोरून चालत येणारा माणूस थोडाच थांबतो? म्हणून एचपी५ ही ४०० ची फिल्म मी सरसकट १६०० ला वापरतो आणि मायक्रोफेन या डेव्हलपरमध्ये २० अंशांवर ११ मिनिटं धुतो. ४०० ला वापरली तर साडेसहा मिनिटं पुरतात.

पुश केल्याने सावल्या परत येत नाहीत, हे मला मान्य आहे. जिथे प्रकाश पोचलाच नाही तिथे रोल कितीही वेळ केमिकलमध्ये ठेवा, काही उगवत नाही. वाढतात ते मधले आणि उजळ टोन. पण रात्री आपल्या डोळ्यांना तरी काय दिसतं? दिव्याखालचा तुकडा दिसतो, पलीकडचं सगळं अंदाजाने भरून घेतो.

मागच्या महिन्यातली एक फ्रेम सांगतो. बसथांब्यावर एक बाई उभ्या होत्या. दिवा पाठीमागे, चेहरा पूर्ण अंधारात. हातातल्या फोनचा उजेड फक्त हनुवटीवर आणि खालच्या ओठावर. चेहऱ्याचं मीटरिंग केलं, म्हणजे तिथला उजेड मोजला, तर १/८ येत होता. मी हनुवटीवरच्या उजेडाला धरून १/६० ला काढला. निगेटिव्ह दिव्यासमोर धरली तर जवळजवळ सगळी फ्रेम काचेसारखी पारदर्शक, आणि मधोमध नखाएवढी काळी कोर. प्रिंटमध्ये ती कोरच त्या बाईंचा चेहरा होते. मला तिथे अजून काहीही नको आहे.

तिपाई

साफ असहमत. तुम्ही वर्णन केलेली निगेटिव्ह माझ्या हाती आली असती तर मला वाईट वाटलं असतं.

सावलीत तपशील असलेली निगेटिव्ह मी प्रिंट करताना हवी तेवढी काळी करू शकतो. भिंत ठेवायची की बुडवायची, हे मी एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून प्रिंट काढायच्या यंत्राखाली, ठरवतो. तुमच्या निगेटिव्हवर भिंत नाहीच. म्हणजे तो काळा तुम्ही निवडला नाही, तुमच्या पदरी पडला. प्रिंटही बघा ना : ज्या काळ्यात थोडा तरी तपशील असतो तो खोल दिसतो, आणि रिकाम्या निगेटिव्हमधून आलेला काळा डांबर फासल्यासारखा सपाट.

छायाचित्रकार ब्रासाई यांनी १९३० च्या दशकात पॅरिसची रात्र टिपली ती ट्रायपॉडवरच्या प्लेट कॅमेऱ्याने. एक्स्पोजरची वेळ ते सिगारेट जळण्यावरून मोजत. त्यांच्या धुक्यातही रस्त्याचे दगड मोजता येतात. मी स्वतः दहा सेकंदांचं मीटरिंग आलं की ट्राय-एक्स फिल्मला पन्नास सेकंद देतो, कारण लांब एक्स्पोजरला फिल्म मागे पडते, उजेड कमी पकडते. वेळ जातो, जाऊ दे. त्या पन्नास सेकंदांत मी रस्ता खरोखर बघतो.

काजळरेघ

ब्रासाईंबद्दल आदर आहेच. पण त्यांच्या फोटोंतल्या माणसांना थांबावं लागे, आणि आतल्या जागी तर ते मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर वापरत. पन्नास सेकंदांत तुमचा रस्ता येईल, माझ्या बसथांब्यावरच्या बाई येतील का? फोन खिशात गेला की उजेडही गेला. माझ्याकडे फार तर दोन सेकंद होते.

सपाट काळ्याचा मुद्दा मात्र मनाला लागला. त्यावर विचार करतोय.

रोल३६

तुम्ही दोघं एक्स्पोजरवर भांडताय, पण हातातल्या कॅमेऱ्याने रात्री फ्रेम वाया जाते ती बहुतेक वेळा फोकसमुळे. ३५ मिमी लेन्स, एफ २, माणूस तीन मीटरवर : साधारण २.६ ते ३.५ मीटर एवढंच शार्प. ५० मिमी असेल तर जेमतेम चाळीस सेंटीमीटर. दिवसा एफ ८ ला अंतर लावून निर्धास्त फिरता येतं, रात्री ती सोय नाही. मी आता ठरवूनच टाकलंय : फोकस तीन मीटरवर, ३५ ची लेन्स, आणि माणूस त्या पट्ट्यात येईपर्यंत बोट आवरायचं. तेव्हापासून एका रोलमधून चार-पाच फ्रेम तरी हाती लागतात, पूर्वी एखादीच लागायची.

उजेडवाट

मला प्रामाणिकपणे कळत नाही की हे फिल्मवरच का करायचं. आजचा डिजिटल कॅमेरा ६४०० ला सावल्या देतो, हायलाइट सांभाळतो, हात हलला तर सेन्सर सावरून घेतो. नंतर रंग काढून टाका. बसथांब्याच्या त्या प्रसंगात तुम्हाला हनुवटीही मिळाली असती आणि चेहराही. रात्रीचे क्षण परत येत नाहीत. ते हमखास मिळतील असं साधन हाती असताना न वापरणं मला पटत नाही.

काजळरेघ

@उजेडवाट, मला चेहरा नकोच होता. डिजिटलवर मी दीड वर्ष रात्री फिरलो. घरी येऊन सावल्या उचलायचो, कारण त्या उचलता येत होत्या, आणि हळूहळू माझी रात्र ढगाळ संध्याकाळसारखी दिसायला लागली. दुसरं, सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली बरेचसे रंग तसेही मरतात. तिथे लाल कपडा आणि तपकिरी कपडा डोळ्यांना जवळपास सारखेच दिसतात. अशा रस्त्यावर कृष्णधवल फिल्म भरल्याने मी काही गमावतोय असं मला कधीच वाटलं नाही.

गारगोटी

माझी तक्रार उलटी आहे. काजळरेघ, तुम्ही फार जपून चालताय. १/१२५ कशासाठी? जपानमध्ये १९६८ साली निघालेल्या प्रोव्होक मासिकातली छायाचित्रं बघा. छायाचित्रकार दाइदो मोरियामा दुसऱ्या अंकापासून त्यात आले. ‘आरे, बुरे, बोके’ म्हणजे खरखरीत, हललेलं, फोकसबाहेरचं. माणूस चालतोय तर तो चालताना दिसू द्या की. १/१५ ला काढा, पाय विरघळू द्या. फिल्म मग १६०० ला ओढायची गरजही उरत नाही, ४०० लाच भागतं, आणि तिपाईंना हव्या त्या सावल्याही मिळतात.

तिपाई

हललेला फोटो मला नको, पण गारगोटींचं गणित बरोबर आहे.

काजळरेघ, एक सुचवतो. तुम्हाला १६०० हवंच असेल तर डेल्टा ३२०० ही फिल्म भरून ती १६०० ला वापरा. नावात ३२०० असलं तरी तिचा खरा आयएसओ १००० च्या आसपास आहे. म्हणजे तुम्ही पाऊण स्टॉपच ओढाल (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), एचपी५ ला पूर्ण दोन स्टॉप ओढावे लागतात. ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणा, मोठा येईल, पण भिंतीचा पोत हाताला लागेल. एकाच रात्री, त्याच रस्त्यावर दोन्ही रोल काढा आणि प्रिंट शेजारी ठेवून बघा. डेल्टाच्या निगेटिव्हमधून काळा दाबून काढलेला प्रिंट तुम्हाला आवडला नाही, तर मी वाद सोडतो.

काजळरेघ

हे करून बघतो. शनिवारी दोन्ही रोल घेऊन निघतोय, एफ २ आणि १/६० वर काहीही न बदलता. आणि रोल३६ म्हणतात तसा फोकस तीन मीटरवरच ठेवेन, म्हणजे फरक आला तर तो फिल्मचाच असेल. धुतल्यावर दोन्ही निगेटिव्ह एकाच दिव्यासमोर धरून त्यांचा फोटो इथे टाकतो. बसथांब्याची ती फ्रेम मात्र आहे तशीच छापणार.