अनुभव धागा: डॉक्टरांसमोर बसल्यावर काय सांगायचं, काय विचारायचं

गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. त्यातली काही फाइल शोधण्यात जातात, उरलेल्यात सांगायचं ते राहून जातं आणि ऐकलेलं जिना उतरेपर्यंत विसरतं. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये रोज उभे असणारे बरेच जण इथे आहेत: सिस्टर, फार्मसिस्ट, समाजसेवा अधीक्षक, स्वतः डॉक्टरही. लिहा. किस्से नकोत, नावं नकोत. घोळ कुठे होतो आणि तो कसा टाळायचा, तेवढंच.

ओपीडीवाला

रुग्ण त्रास सांगत नाहीत, थेट निदानच सांगतात. "पित्त झालंय", "गॅस वर चढलाय", "बीपी वाढलं असणार". ते आमच्यावर सोडा. छातीत दाबल्यासारखं होतं की जळतं? जागा एका बोटाने दाखवता येते की अख्खा तळहात ठेवावा लागतो? चढ चढताना येतं की जेवून आडवं झाल्यावर? थांबलं की किती मिनिटांत ओसरतं? चालताना येणारा आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाणारा दाब हृदयाचा मानूनच तपासावा लागतो. तोच "गॅस" म्हणून सांगितला, तर गर्दीत गॅसच्या गोळीवर निभावला जाण्याचा धोका असतो. दाब थांबतच नसेल, सोबत दरदरून घाम असेल, तर ओपीडीची रांग लावू नका, 108 लावा.

चक्करेचं तसंच. कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि मिनिटाभरात थांबते, हा बहुधा कानाचा मामला. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब बसून आणि उभ्याने असा दोनदा मोजायला हवा. कदाचित बीपीच्या गोळ्याच जास्त होताहेत. चालताना एका बाजूला झोक जात असेल तर मज्जासंस्था तपासायची. तिघंही नुसतं "चक्कर येते" म्हणाले की तिघांना एकच गोळी मिळते.

"अशक्तपणा आहे" यावरून मला काही कळत नाही. काय जमेनासं झालंय ते सांगा. दोन मजले न थांबता चढत होतात आणि आता पहिल्यालाच कठड्याला धरून उभं राहावं लागतं, हे वाक्य रक्ततपासणीच्या अर्ध्या यादीचं काम करतं.

काउंटरपलीकडून

फार्मसिस्ट आहे, म्हणून आधी चिठ्ठीवरची अक्षरं. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एसओएस म्हणजे लागली तरच. जास्त घोळ या शेवटच्याचा. कशासाठी लागली तर, दिवसात जास्तीत जास्त किती, दोन गोळ्यांत किती तास, हे तिन्ही तिथेच विचारून घ्या. तापाची एक गोळी, सर्दीची दुसरी, अंगदुखीची तिसरी. तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. धडधाकट प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 650 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांत ती जवळपास गाठली. यकृताचा आजार असेल किंवा रोजचं पिणं असेल तर मर्यादा आणखी खाली. तेव्हा ब्रँडचं नाव पाठ करण्यापेक्षा पट्टीवरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा.

संधिवात आणि सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट देतात ते आठवड्यातून एकदाच. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात म्हणून हीसुद्धा रोज घेतली जाते. मग तोंड सोलतं, रक्तपेशी कोसळतात, जीवही जातो. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वार पूर्ण अक्षरांत लिहून घ्या आणि पाकिटावर आमच्याकडून लिहून घ्या.

इन्सुलिनची कुपी आपल्याकडे बहुतेक वेळा 40 युनिट प्रति मिली असते, पेनमधलं 100. लाल टोपणाची सिरिंज 40ची, केशरी टोपणाची 100ची. 100चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं की अडीचपट डोस जातो. दुकान बदललं की दोन्हींवरचा आकडा जुळवा.

वॉर्ड सिस्टर

"कळलं का?" विचारलं की सगळे मान हलवतात. म्हणून उठण्याआधी तुम्हीच म्हणा, "डॉक्टर, मला समजलं ते सांगते, चुकलं तर थांबवा." मग सांगा: कुठली गोळी बंद, कुठली नवी, काय झालं तर तारखेची वाट न बघता यायचं. अर्धं मिनिट लागतं आणि चूक तिथेच सापडते.

डिस्चार्जला तर हे हवंच. घरात जुन्या गोळ्या असतात, रुग्णालयातून त्याच औषधाचा दुसरा ब्रँड मिळतो, आणि घरी दोन्ही सुरू होतात. घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा आणि कार्डासमोर एकेक ठेवून "ही ठेवू की बंद?" विचारा.

"दम्याचा पंप घेतो, पण गुण नाही" म्हणणाऱ्यांनी पंप आमच्यासमोर घेऊन दाखवावा. आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, सावकाश आत ओढायला सुरुवात करतानाच दाबायचा, मग साधारण 10 सेकंद श्वास धरायचा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. बरेच जण आधी दाबतात आणि मग ओढतात, औषध जिभेवरच राहतं. हे जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, मागा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

यादीवाली

घरून लेखी प्रश्न नेणं सगळ्यात उपयोगी. दहा-बारा सहज निघतात.

ओपीडीवाला

@यादीवाली, दहा आणलेत तर पहिल्या चारांतच वेळ संपतो, आणि खरा प्रश्न बहुधा नववा असतो. तीन आणा. ज्याची सगळ्यात भीती किंवा लाज वाटते तो पहिला. लघवीवर ताबा राहत नाही, संबंधात अडचण आहे, गोळी परवडत नाही म्हणून एकाआड एक घेतो, हे दाराच्या कडीला हात घातल्यावर सांगितलं जातं. परवडत नाही हे आधीच कळलं तर त्याच औषधाचं स्वस्त जेनेरिक लिहिता येतं.

सिंधुदुर्गकर

सावंतवाडी-कुडाळकडून बरेच जण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातात. तिथल्या डॉक्टरांना आधीचं काहीच माहीत नसतं, त्यामुळे कागद हाच इतिहास. डिस्चार्ज कार्ड, शेवटचे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, सीटीचा नुसता रिपोर्ट नाही तर फिल्म किंवा सीडीसुद्धा. ईसीजी थर्मल कागदावर असतो, तो वर्ष-दोन वर्षांत पुसट होतो. मिळाल्याबरोबर झेरॉक्स काढा. छातीत दुखत असताना जुना ईसीजी शेजारी ठेवता आला की बदल नवा की जुना ते लगेच दिसतं. मोबाइलवर फोटो ठेवत असाल तर नाव आणि तारीख चौकटीत येऊ द्या.

समाजसेवा अधीक्षक

मोठ्या सरकारी रुग्णालयांत प्रत्येक युनिटच्या, म्हणजे डॉक्टरांच्या एकेका गटाच्या, ओपीडीचे वार ठरलेले असतात. केसपेपरवर युनिट लिहिलेलं असतं, त्याच वारी या, म्हणजे दरवेळी नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सांगावं लागत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल डॉक्टरांना विचारण्यात त्यांची मिनिटं घालवू नका, त्यासाठी योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. भरती रुग्णाच्या नोंदींची प्रत मागितली तर 72 तासांत द्यावी, असं मेडिकल कौन्सिलच्या 2002च्या आचारसंहितेत आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारायचं: काय करणार, का, दुसरा पर्याय कुठला, काहीच केलं नाही तर काय होईल. तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

आता अवघड भाग. कॅन्सरचं निदान झालं की नातेवाईक दाराशीच डॉक्टरांना गाठतात: "त्यांना सांगू नका, खचतील." हेतू चांगला असतो, पण केमो चालू झाली, केस गेले की रुग्णाला कळतंच, आणि मग तो घरच्यांशीही बोलायचा थांबतो. त्याऐवजी डॉक्टरांनी रुग्णालाच विचारावं, अशी विनंती करा: "रिपोर्टमधलं सगळं तुम्हाला सांगू, की घरातल्या कुणाशी बोलू?" काही आजोबा खरंच म्हणतात, मुलाशी बोला. तोही त्यांचाच निर्णय. पण विचारलं गेलं पाहिजे.

आणि दुभाषी म्हणून लहान मुलांना बसवू नका. पाळी, गर्भाशय, पांढरं जाणं यावर आई नातवासमोर बोलणार नाही, "काही नाही, बरं आहे" म्हणेल.

लेस्टरहून

इंग्लंडमध्ये जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, वेळ साधारण 10 मिनिटांची असते. आई-वडिलांसाठी अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी हवा असं सांगा, एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, त्याचे पैसे पडत नाहीत. दुभाष्यामुळे बोलणं दुप्पट लांबतं, म्हणून दुहेरी वेळ मागा.

यादीवाली

तीनवर आणते यादी. आयुर्वेदिक काढा चालू असेल तर तोही सांगायचा का? डॉक्टर चिडतात.

काउंटरपलीकडून

चिडले तरी सांगायचा. ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. बीपीची गोळी वाढवत नेण्याआधी डॉक्टरांना हे माहीत असलेलं बरं. काही भस्मांत शिसं, पारा सापडलेला आहे, तो मूत्रपिंडाला भोवतो. नाव आठवत नसेल तर डबा न्या. पुडीवर काहीच छापलेलं नसेल तर पुडीच न्या.