मदत हवी आहे: गंगावनाचा खोपा खाली सरकतो

ताईंनो, मे महिन्यातलं लगन, मंडप उघड्यावर, नवरीला नऊवारीवर खोपा हवा. यवतमाळकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. केस खांद्यापर्यंतचे, बारीक आणि गुळगुळीत, म्हणून गंगावन, म्हणजे खोट्या केसांचा झुपका, जोडावं लागतं.

केस आदल्या दिवशी धुतलेले. मानेच्या चार बोटं वर घट्ट पोनी, तिच्या मुळाशी गंगावनाची दोरी तीन वेढे देऊन गाठ, मग पेड घालून गोल वळवायचा, भोवती 8 आकडे (यू-पिना), वरून जाळी. वळण सुरेख बसतं. पण दीडेक तासात मुळाचं रबरच सैल होतं. आकडे जागच्या जागी असतात, अन् वर शेवंतीची वेणी चढवली की सगळा भार मानेवर येतो.

काळ्या पिनांची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवून, दोन-दोन पिनांची फुली मारली की थोडा फरक पडतो. तेलानं पकड जाते, स्प्रे घामात चिकटतो.

मुळाशी बारीक आडवी वेणी घालून गंगावन तिलाच सुईदोऱ्यानं टाचलं तर टिकेल का? शेवंतीऐवजी मोगरा हलका पडेल, पण तो दुपारपर्यंत ताजा कसा ठेवायचा? पार्लर तालुक्याला आहे, म्हणून घरच्या घरी जमेल असंच सांगा जी.