मदत हवी आहे: ऑर्लँडोच्या हॅलोवीन हॉरर नाइट्समधली फँटसी घरं लेकीला झेपतील का?

नमस्कार मंडळी,

आम्ही अटलांटाला राहतो. लेक चौदा वर्षांची आहे आणि ड्रॅगन, गॉब्लिन, चेटकिणी यांच्यापलीकडे सध्या तिला काही सुचत नाही. गणिताच्या वहीतसुद्धा समासात पंख आणि शेपट्या काढलेल्या असतात. यंदा वाढदिवसाला तिने एकच गोष्ट मागितली आहे: युनिव्हर्सल ऑर्लँडो या थीम पार्कच्या हॅलोवीन हॉरर नाइट्सला घेऊन चल. (हॅलोवीनच्या सीझनमध्ये रात्री भरणारा भीतीचा खेळ; त्यातलं ‘घर’ म्हणजे आतून चालत जायचा भुताटकीचा सेट.)

तिला हे वेड लागलं २०२३च्या ‘ड्युएलिंग ड्रॅगन्स’ या घराचे व्हिडिओ बघून. त्या नावाचा जोडरोलरकोस्टर तिथल्या आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचर पार्कात १९९९पासून होता. २०१०मध्ये त्याचं नाव बदललं आणि २०१७मध्ये तो बंदच झाला. त्याचीच गोष्ट घेऊन हे घर उभं केलं होतं: आगीचा एक मांत्रिक, बर्फाचा एक, आणि दोघांचं ड्रॅगन होऊन जुंपलेलं युद्ध. मग २०२४चं ‘गॉब्लिन्स फीस्ट’. त्यात गॉब्लिनांची पंगत बसलेली आणि ताटात माणसं! तिला त्यातली भीती नकोच आहे. भिंतीवर काय टांगलंय, मुखवट्याची कातडी कशी रंगवली आहे, दारावर कोणती अक्षरं कोरली आहेत, हे तिला बघायचं आहे.

अडचण अशी की रक्त आणि चिरफाड तिला अजिबात सहन होत नाही, आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांनी तिचं डोकं दुखतं. हे दुखणं जुनं आहे, एकदा सुरू झालं की दिवस वाया जातो. नवरा म्हणतो, जाऊच नका. मला तसं एकदम नाही म्हणायचं नाही, कारण पोर वर्षभर यासाठी पैसे साठवते आहे.

म्हणून विचारते. फँटसीची घरं निवडून तेवढीच बघता येतात का? ‘फँटसी’ म्हणजे रक्त कमी असं धरून चालावं का? एकदा आत शिरल्यावर मधूनच बाहेर पडता येतं का? आणि दिव्यांचं काय करावं? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. पार्काच्या पानावर जे लिहिलंय ते मी वाचलंय, मला माणसांचा अनुभव हवा आहे.

घुबडगाव:
ताई, आम्ही टँपाला असतो आणि दर सीझनला जातोच, म्हणून लिहिते.

घरं निवडता येतात. प्रत्येक घराची रांग वेगळी असते, नको असलेलं सोडून द्यायचं. गेली काही वर्षं दहा घरं असतात. (१९९१ला हे सुरू झालं तेव्हा नाव ‘फ्राइट नाइट्स’ होतं आणि घर एकच.) त्यातली साधारण निम्मी सिनेमा, मालिका किंवा गेमवरची आणि बाकीची त्यांनी स्वतः रचलेली. तुमच्या लेकीला हवं ते बहुतेक या दुसऱ्या गटात मिळेल. पण घरं दरवर्षी पाडून नवी बांधतात, तेव्हा गॉब्लिन आता भेटणार नाहीत. यंदाची यादी जाहीर झाली की एकेका घराचं वर्णन शांतपणे वाचा.

खरी अडचण एका घराकडून दुसऱ्याकडे जाताना लागणाऱ्या रस्त्यांची. त्यांना स्केअर झोन म्हणतात. तिथे कलाकार मोकळे फिरतात आणि बऱ्याचदा चेनसॉ घेऊन मागे लागतात. साखळी काढलेली असते, पण आवाज खरा. घर टाळता येतं, रस्ता प्रत्येक वेळी टाळता येईलच असं नाही. कलाकार अंगाला हात लावत नाहीत, हे मात्र तिला आधीच सांगून ठेवा. माझ्या मुलाला तेवढ्या एका वाक्याने खूप धीर आला होता.

आत गेल्यावर थांबता येत नाही. माणसांची सलग रांग पुढे सरकत राहते, तीन-चार मिनिटांत बाहेर. नाहीच झेपलं तर आतल्या कर्मचाऱ्याला सांगायचं, ते जवळच्या दाराने बाहेर काढतात.

खारेदाणे:
फँटसी म्हणजे रक्त कमी, असं अजिबात धरू नका. २०१८चं ‘स्केअरी टेल्स’ घ्या. दुष्ट चेटकिणीने सगळं परीकथांचं राज्य बळकावलेलं. दर्शनी भागात अख्खा किल्ला आणि त्यावरून झाडूवर बसून उडणारी चेटकीण, बघत राहावं असं. आत मात्र बालपणीच्या गोष्टीतल्या पात्रांचे जे हाल केले होते ते बघून माझ्या बायकोने डोळे मिटून घेतले ते बाहेर येईपर्यंत.

उलट २०२४च्या ‘मॉन्स्ट्रुओस’मध्ये लॅटिन अमेरिकेच्या लोककथांमधली भुतं होती. त्यातला एल सिल्बोन मला फार आवडतो. त्याची शिट्टी जवळून ऐकू आली तर तो लांब असतो, आणि लांबून आली तर अगदी पाठीशी. आपल्या चकव्यासारखाच माणसाच्या दिशेच्या भरवशावर उठलेला. लेकीला या गोष्टी आधी वाचायला द्या. काय समोर येणार हे माहीत असलं की दचकणं कमी होतं आणि बघणं जास्त होतं.

आता मुख्य सल्ला. तिला रंगकाम आणि कोरीवकाम बघायचं आहे ना? मग रात्री जाऊच नका! त्यांची दिवसा एक वेगळी टूर असते, ‘अनमास्किंग द हॉरर’. वेगळं तिकीट लागतं. दिवे लावलेल्या घरांतून मार्गदर्शक सावकाश फिरवतो, कलाकार नसतात, अंगावर कोणी येत नाही. एखादी भिंत अशी का रंगवली, कलाकार कुठल्या झडपेमागे उभा राहतो, वास कुठून सोडतात, सगळं सांगतात. तीन घरांची आणि सहा घरांची अशा दोन टूर असतात. रक्ताचे सेट तिथेही दिसतील, पण उजेडात तो रंग आहे हे कळतं. मी रात्रीचा भक्त आहे, तरी सांगतो, एकेका खोलीवर किती मेहनत असते ते मला या टूरमध्ये पहिल्यांदा समजलं.

तळ्याकाठी:
दिव्यांबद्दल: स्ट्रोब (झपाझप लुकलुकणारे दिवे) आणि धूर जवळपास सगळ्या घरांत असतात, आणि स्ट्रोब कुठल्या वळणावर येणार ते आधी कळत नाही. डोकेदुखी जुनी आहे म्हणता, तर तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचं तिकीट काढू नका, कृपया. गॉगलने काम भागेल असं कोणी सांगितलं तरी आतला अंधार लक्षात घ्या, पायऱ्या-उंबरे दिसले पाहिजेत.

डिस्नेचा पर्यायही आहे. मॅजिक किंगडममधली ‘मिकीज नॉट-सो-स्केअरी’ पार्टी लहानांसाठी असते, हाँटेड हाऊस नाही, पण मिरवणुकीत बिनमुंडक्याचा घोडेस्वार येतो आणि पोशाख करून जाता येतं. युनिव्हर्सलला पोशाख आणि मुखवटे चालत नाहीत. चौदाव्या वर्षी मिकी बालिश वाटेल कदाचित. पुढे कधी कॅलिफोर्नियाला गेलात तर नॉट्स बेरी फार्म या पार्कातलं हॅलोवीन बघा, १९७३पासून करताहेत आणि हिरवी चेटकीण ही तिथली जुनी मानकरी आहे. पण तेही रात्रीचंच, आणि तेरा वर्षांखालच्यांना नको असं ते सांगतात.

(धागाकर्ती):
सगळ्यांचे मनापासून आभार. खारेदाणे, त्या दिवसाच्या टूरबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. लेकीला वाचून दाखवलं तर तिने पहिला प्रश्न विचारला, ‘तिथे स्केचबुक नेऊ देतात का?’ रात्रीचं तिने स्वतःच बाजूला ठेवलं आहे. ‘डॉक्टर हो म्हणाले तर एकच घर’ एवढी तडजोड झाली.

एक घर बघायचं तर एक्स्प्रेस पास (छोट्या रांगेचा जादा पास) घ्यावा का? किंमत बघून छातीत धस्स झालं.

घुबडगाव:
एका घरासाठी मुळीच नको, तो पास कधीकधी तिकिटापेक्षा महाग पडतो. सप्टेंबरच्या सुरुवातीचा बुधवार किंवा गुरुवार बघा, तिकीटही त्या दिवशी स्वस्त असतं. ऑक्टोबरचे शनिवार टाळा, चांगल्या घराला दोन-दोन तास रांग लागते. दिवसाचं पार्काचं तिकीट असेल तर संध्याकाळी पार्क बंद होताना आतच ठरलेल्या जागी थांबता येतं. त्याला ‘स्टे अँड स्क्रीम’ म्हणतात. काही घरं त्यांना गर्दीच्या आधी उघडून देतात. तुमचं घर त्या यादीत आहे का ते त्या दिवशी विचारून घ्या.

आणि टूरमध्ये फोटो काढू देतात, स्केचबुकचं फोन करून विचारा. गट पुढे सरकत असतो, तेव्हा भराभर फोटो आणि चित्र हॉटेलवर गेल्यावर, असंही करता येईल. चित्रं झाली की इथे टाका, आम्हाला बघायची आहेत.