सजीव कोण, नट की उंदीर?

तिरपी रेघ: दिवाळी अंकासाठी जुन्या कार्टूनपटांवर लेख लिहितेय, माणसं आणि चित्रं एकाच चौकटीत वावरणारे. १९४५ च्या ‘अँकर्स अवे’मध्ये जीन केली जेरी उंदराबरोबर नाचतो, तिथे अडले. लिहिलं होतं ‘सजीव नट आणि सचेतन उंदीर’. संपादकांनी लाल रेघ मारली: दोघंही जिवंतच, मग फरक काय? ‘सचेतन’ मी अ‍ॅनिमेशनसाठी वापरलं; पण लाइव्ह अ‍ॅक्शनला, म्हणजे खऱ्या नटांच्या चित्रीकरणाला, मराठीत तुम्ही काय म्हणता?

शुद्धमती: अ‍ॅनिमेशनला ‘अनुप्राणन’ म्हणा, घोळ मिटेल. लॅटिनमधला ‘आनिमा’ आणि आपल्या ‘प्राण’मधला ‘अन्’ धातू एकाच कुळातले. दोन्हीकडे श्वास.

कोकणकडा: मला प्राणायामाचा वर्ग आठवला. आमच्या घरी ‘कार्टून लागलंय’ एवढंच म्हणत, आणि सगळे धावत.

शुद्धमती: मग निदान ‘व्यंग्यचित्रपट’ म्हणा. व्यंग्य, व्यंग नव्हे. व्यंग म्हणजे अधूपण.

कोकणकडा: सगळी वर्तमानपत्रं ‘व्यंगचित्र’ छापतात. त्यांना पत्रं पाठवा.

मधली आळी: ‘प्रत्यक्षचित्रण’ कसं वाटतं?

तिरपी रेघ: मग जेरी अप्रत्यक्ष? त्याचंही एकेक चित्र कॅमेऱ्याखाली ठेवूनच टिपलंय की.

आजोबांचा चष्मा: अख्ख्या प्रकारालाच ‘मिश्रपट’ म्हणा.

कोकणकडा: मिसळपट! तर्री वेगळी.

आजोबांचा चष्मा: चेष्टा नको. १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये डोक्यावरचा दिवा हेलकावतो तो प्रसंग पाहा. दिवा खरा, पण सशावरचा उजेड नि सावली हलताना दिसावी म्हणून प्रत्येक चित्रात हातानं काढलीय. मिसळीतलं फरसाण वेगळं उचलता येतं, तो ससा नाही.

मधली आळी: फाळक्यांनी आगकाड्या नाचवल्या तेव्हा नाव काय दिलं? ‘आगकाड्यांची मौज’. ना चेतना, ना प्राण. सरळ ‘हाडामांसाची माणसं आणि रेघांचे प्राणी’ लिहा.

तिरपी रेघ: वाक्यात झकास बसेल. पण चौकटीच्या मथळ्यात एवढं मावणार नाही हो.

आजोबांचा चष्मा: जाता जाता, कार्टून आलं इटालियन ‘कार्तोने’वरून, म्हणजे जाड कागद. आणि आपलं काडतूस पोर्तुगीजांकडून, तेही मुळात ‘कार्ता’, कागदच. दोघं चुलतभाऊ!

शुद्धमती: काडतुसाचा कागदाशी काय संबंध? उगाच नाती जुळवू नका.

आजोबांचा चष्मा: १८५७ ची चरबीची काडतुसं कशाची होती? कागदाचीच. म्हणून तर दातांनी फाडावी लागत.

कोकणकडा: पण काडतूस ते की तो? माझे मामा ‘तो काडतूस’ म्हणत, विशेषतः माझ्या धाकट्या भावाला.

शुद्धमती: तो लाक्षणिक वापर. शब्द नपुंसकलिंगीच.

तिरपी रेघ: मंडळी, लाइव्ह अ‍ॅक्शन! अंक शुक्रवारी छपाईला जातोय.

मधली आळी: थांबा, ‘तीन जिवंत काडतुसे जप्त’ अशी बातमी येते ना? तिथे ‘जिवंत’ला कुणी लाल रेघ मारत नाही. घाला ‘जिवंत नट’.

शुद्धमती: म्हणजे बाकीचे नट झाडून झालेले?