फोटो प्रदर्शनाचा दर्जा आणि प्रिंटची किंमत कशी पारखावी?

फ्रेमवेडा:
जहांगीरची टेरेस गॅलरी, एनसीपीएतली पिरामल गॅलरी, पुण्यात बालगंधर्वचं कलादालन इथे फोटो प्रदर्शनं बघणं होतं. आता १५ हजारांच्या आत एक प्रिंट घ्यायची आहे. प्रदर्शन चांगलं आहे का, आणि प्रिंट त्या किमतीची आहे का, हे ठरवताना नेमकं काय बघावं?

रुपेरीकण:
पहिली फेरी न थांबता मारा, भिंतीपासून दहा-बारा फुटांवरून. ३० फोटोंत सात-आठ एकाच घाटाचे, एकाच उजेडातले असतील तर निवड करताना काटछाट झालेली नाही. प्रदर्शन तरतं किंवा पडतं ते इथेच. ढिसाळ निवड कितीही सुंदर छपाईने झाकली जात नाही.

दुसऱ्या फेरीत अगदी जवळ जा. सर्वात काळा भाग बघा: केसांत, सावलीतल्या दारात तपशील उरलाय की डांबर ओतल्यासारखं दिसतंय? मग सर्वात उजळ भाग. पांढऱ्या सदऱ्याच्या जागी नुसता कोरा कागद दिसला तर तिथला तपशील गेलेला आहे. आकाशात बारीक समांतर रेषा म्हणजे प्रिंटरचं नोझल (शाई सोडणारं बारीक छिद्र) तुंबलेलं किंवा कागद नीट सरकलेला नाही. डोंगराच्या कडेला पांढरी किनार दिसली तर शार्पनिंग, म्हणजे संगणकावर कडा ठळक करणं, जास्त झालंय.

आकाराचं गणितही करा. २४ मेगापिक्सेलची फाइल म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल. ३०० पीपीआयला (इंचामागे ३०० पिक्सेल) २० इंच रुंदी मिळते, ४० इंच केली की १५० पीपीआय उरतात. सहा फुटांवरून ते चालतं, अरुंद पॅसेजमध्ये मात्र फोटो मऊ, म्हणजे थोडा धूसर वाटतो.

काळापांढरा:
+१. कृष्णधवल इंकजेट प्रिंट तिरकी बघा. चकचकीत कागदावर गडद भागाला तांबूस झाक येते, तिला ब्राँझिंग म्हणतात. संग्रहालयातला मंद उजेड मात्र दोष समजू नका. जुन्या, नाजूक प्रिंटसाठी साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) ठेवतात.

फ्रेमवेडा:
फोटोला फिआपचं (छायाचित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं) पदक असेल तर किंमत जास्त द्यावी का?

रुपेरीकण:
नाही. ही पदकं सलोनमध्ये, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांत मिळतात, आणि तिथे बहुतेक वेळा स्क्रीनवरची प्रतिमा काही सेकंद बघून गुण देतात. त्यावरून तुमच्या हातातल्या प्रिंटबद्दल काहीच कळत नाही.

माउंटकटर:
घेताना हे विचारा: कागद कोणता, शाई डायची (विरघळलेल्या रंगाची) की पिगमेंटची (रंगाच्या बारीक कणांची), आवृत्ती कितीची, म्हणजे एकूण प्रती किती. ‘आर्काइव्हल पिगमेंट प्रिंट’ म्हणजे पिगमेंट शाईची इंकजेटच, नाव ऐकून दबू नका. प्रिंटवरचं ३/१० म्हणजे दहांतली तिसरी; पण ती दहाची मर्यादा सगळ्या आकारांना मिळून आहे की प्रत्येक आकाराला वेगळी, हे लेखी घ्या. नाहीतर तीन आकारांत दहाच्या तीस होतात. सही आणि क्रमांक प्रिंटवरच हवा, नुसता माउंटवर (फोटोभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीवर) नको. फ्रेमचे पैसे वेगळे काढून मागा.

आणि फ्रेम उलटी करून बघाच. प्रिंट फोमबोर्डला (आत फोम असलेल्या हलक्या पुठ्ठ्याला) अख्खी चिकटवलेली असेल तर ती पुढे सुखरूप सोडवणं जवळजवळ अशक्य. वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्यांवर लटकवलेली हवी, साध्या सेलोटेपने नाही. त्याचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. माउंट आम्लमुक्त हवा, आणि काच व प्रिंट यांच्यात त्याच्या जाडीएवढी फट हवीच. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात काचेला टेकलेली प्रिंट तिलाच चिकटते आणि काढताना थर सोलून निघतो. घरात बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर आतूनही लावू नका, ओल तिथूनच येते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बटणं लावा, म्हणजे मागे हवा खेळते.