फोटोग्राफरच्या वेबसाइटला मागे काळा रंग की पांढरा?

अजिंक्यताऱ्याखाली: वेबसाइट नव्यानं करतोय. पोट भरतं लग्नांवर, पण ओळख कास पठाराच्या फोटोंची. माझ्या मते मागे काळाच रंग हवा. सप्टेंबरात कासला धुकं उतरलेलं असतं आणि त्यात पांढऱ्या गेंदांच्या फुलांचा गालिचा. पांढऱ्या पानावर तो फोटो टाकला की आभाळ पानातच विरघळतं, फोटो कुठं संपला कळत नाही. काळ्यावर तोच कसा उठून दिसतो! डिझायनर पांढऱ्यावर अडून बसलाय. पटवा मला.

कंदीपेढा: उठून दिसतो हेच तर दुखणं. काळ्याच्या शेजारी कुठलाही फोटो आहे त्याहून उजळ भासतो. उद्या अल्बम पांढऱ्या कागदावर छापून आला की नवरीकडचे विचारणार, "साइटवर झकास होते, हे असे काळवंडलेले का?" गेंदांच्या फोटोला चारी बाजूंनी बारीक करडी रेघ मारा, संपलं. तेवढ्यासाठी आख्खं पान काळं कशाला?

पोवईनाका: आणि गिऱ्हाईक बघणार मोबाईलवर, भर दुपारी एसटी स्टँडवर उभं राहून. काळ्या स्क्रीनमध्ये तुमच्या फोटोआधी स्वतःचंच तोंड दिसतं.

अजिंक्यताऱ्याखाली: तोंडाचं मान्य. पण मग लाइटरूममध्ये, म्हणजे फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फोटोमागं पांढरं का नसतं?

कंदीपेढा: काळंही नसतं की राव. करडं असतं.

मिरजकर: मी काळ्याच्या बाजूचा, पण निव्वळ काळ्याच्या नाही. त्यावर पांढरी अक्षरं म्हणजे २१ला १ कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर), ज्याच्या चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर आहे त्याला अक्षरं फुटल्यासारखी दिसू शकतात. कोळशाइतपत काळा घ्या, अक्षरं जरा मळकट पांढरी. आणि करड्याचे गोडवे पुरे. अगदी मधल्या करड्यावर पांढरी अक्षरं टाकली तर हेच गुणोत्तर भरतं जेमतेम ३.९५ला १. नेहमीच्या मजकुराला ४.५ तरी लागतं. फोन नंबरच वाचता आला नाही तर बुकिंग कुठून येणार?

अजिंक्यताऱ्याखाली: मग कासची गॅलरी कोळशावर, लग्नं पांढऱ्यावर?

पोवईनाका: रात्री अंथरुणात फुलं बघता बघता लग्नाच्या पानावर बोट पडलं की डोळे दिपलेच. एक काय ते धरा.

कंदीपेढा: धरायचंच तर पोट भरणारं धरा.