बी-पेशीला 'इशारा' देता येतो का?

दांडियाबाजार: भाच्याला हायपर आयजीएम सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार निघालाय, दर तीन-चार आठवड्यांनी आयव्हीआयजी (शिरेतून तयार अँटिबॉडी) द्यावं लागतं. घरच्यांना कळावं म्हणून मी एक पान मराठीत लिहिलं, की रक्तातली टी-पेशी अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशीला इशारा देते तेव्हा बी-पेशी आयजीएम सोडून आयजीजी, आयजीए (अँटिबॉडीचेच प्रकार) बनवायला वळते, नि ह्याच्यात तो इशाराच होत नाही. पुण्याची वहिनी म्हणते इशारा म्हणजे धमकी, टी-पेशी दम कशाला देईल? अहो आम्ही बडोद्यात लहानपणापासून डोळ्याने इशारा करतो! मग सिग्नलला लिहू काय?

सदाशिव_१२: वहिनी बरोबर आहेत. इशारा हवामान खात्याचा. 'संकेत' लिहा, नाहीतर सरळ 'निरोप'.

रावपुऱ्याचे_काका: संकेत पाळायचा असतो, तो रिवाज झाला. बाजीप्रभू घोडखिंडीत विशाळगडावरच्या तोफांची वाट बघत होते ती इशारतच ना? इशारा आणि इशारत एकाच अरबी शब्दाची लेकरं. पेपरवाल्यांनी त्याला नुसत्या धोक्याला जुंपला म्हणून बडोद्याचा अर्थ खोटा होत नाही.

मायक्रोवाली: ताई, मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, 'निरोप' तर इथे अजिबात नको. इंटरल्युकिन-४ नावाचं प्रथिन टी-पेशीतून सुटतं आणि बी-पेशीला आयजीई ह्या अँटिबॉडीकडे वळवतं, त्याला निरोप म्हणा हवं तर. पण भाच्याच्या आजारात बहुतेकदा बिघडतं ते सीडी-४० लायगँड नावाचं प्रथिन, ते टी-पेशीच्या अंगावरच रुतलेलं असतं, बी-पेशीवरच्या सीडी-४० ला प्रत्यक्ष जाऊन टेकावं लागतं. बी-पेशीने जंतूचा तुकडा पकडला तरी बहुतेक वेळा तेवढ्यावर भागत नाही, हा दुसरा स्पर्श लागतोच. त्या लायगँडचं जीन एक्स क्रोमोझोमवर, म्हणून हा प्रकार मुलग्यांत दिसतो. मी वर्गात 'खांद्यावर हात ठेवते' म्हणते, पोरांना लगेच समजतं.

सदाशिव_१२: वर्गात ठीक आहे, लिखाणात परिभाषा पाहिजे.

दांडियाबाजार: लिखाण माझ्या आईसाठी आहे हो दादा. ती तर बी-पेशी वाचून बियाणं समजली.

रावपुऱ्याचे_काका: काय चुकलं तिचं? बीजच ते, त्यातून अँटिबॉडीचं पीक येतं. मला तर वाटतं बी तिथूनच आलं असेल.

मायक्रोवाली: नाही काका, बी म्हणजे बर्सा, कोंबडीच्या शेपटाकडची पिशवी. १९५६ मध्ये ग्लिकने दाखवलं की ती काढली तर कोंबडी अँटिबॉडी नीट बनवत नाही. आपली पर्स त्याच शब्दातली. माणसाला ती पिशवीच नाही, आपल्या बी-पेशी हाडाच्या मगजात तयार होतात.

अलकापुरी_सून: मला तर 'पेशी'च खटकते. मी गुजराती मीडियमची, आम्हाला पेशी म्हणजे टिश्यू नि सेल म्हणजे कोष. सासूबाई ग्वाल्हेरच्या, त्यांच्याकडे पेशी कोर्टात असते!

सदाशिव_१२: मराठीत सेलला पेशीच, टिश्यूला ऊती. यात वाद नाही.

रावपुऱ्याचे_काका: वाद कसा नाही? मराठी काय फक्त तुमच्याकडे बोलतात?

दांडियाबाजार: 'टी-पेशी बी-पेशीला हात लावते' असं लिहून टाकलं सध्या. पण आमच्या घरातली सगळी मुलं गुजराती शाळेत आहेत, भाचा पण. त्याला स्वतःला वाचायचं झालं तर पेशी ठेवू की कोष करू?